खान्देशातली हिवाळी परसबाग: कोजागिरी ते होळी, काय आणि कधी लावायचं?

काळी_माती (अमळनेर) | ७ ऑक्टोबर

राम राम मंडळी. हस्ताचा पाऊस ओसरला, वाड्यातलं तण उपटून झालं आणि नेहमीप्रमाणे ओळखीतल्या चार जणींनी विचारलं, "ताई, आता काय लावू?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. तुम्हीही आपापल्या गावचं लिहा.

माझं म्हणणं एकच आहे. आपल्याकडची थंडी छोटी असते. बियाण्याच्या पाकिटावर 'सप्टेंबर-ऑक्टोबर' छापलेलं बघून लोक दसऱ्यालाच सगळं पेरून मोकळे होतात. पण ऑक्टोबरात आपल्याकडे दुपारी पारा ३५-३६ पर्यंत जातो. वरून माती तापलेली, खालून ओल. अशा मातीत गाजर, वाटाणा, कोथिंबीर नीट रुजत नाही, रुजलं तर मान टाकतं. आणि पलीकडच्या बाजूला महाशिवरात्र झाली की ऊन चटकायला लागतं, पालेभाज्या फुलावर येतात. मधे उरतात ते दिवाळीपासूनचे तीन-साडेतीन महिने. ते कसे वापरायचे, एवढाच प्रश्न आहे.

मी तीन टप्पे करते. चित्रा नक्षत्राच्या तोंडावर, म्हणजे आत्ता, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, मिरचीचं बी सावलीत टाकायचं. रोपं तयार व्हायला चार ते पाच आठवडे लागतात, तोवर ऊन उतरलेलं असतं. उन्हाला न घाबरणाऱ्या भाज्या (मुळा, पालक, पोकळा, शेपू) आत्ताच थेट वाफ्यात. मेथी, कोथिंबीर, गाजर, बीट, वाटाणा, लसूण, हरभरा हे दिवाळीच्या आसपास. तेही एकदम नाही. मेथी-कोथिंबीर दर दहा-बारा दिवसांनी एकेक ओळ पेरायची. एकाच दिवशी अख्खा वाफा पेरला की एकाच आठवड्यात अख्खा वाफा खावा लागतो.

आता मातीबद्दल. आपली काळी माती कपाशीला सोनं आहे, पण छोट्या वाफ्यात तिला सांभाळावं लागतं. ओली असली की खुरप्याला लोण्यासारखी चिकटते, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा. पाणी धरून ठेवते, त्यामुळे रोपांची मुळं कुजतात. म्हणून सपाट वाफा नको, वीतभर उंच गादीवाफा करा. बरेच जण माती भुसभुशीत करायला घमेलंभर वाळू टाकतात. थोड्या वाळूने ही माती उलट विटेसारखी बसते. त्यापेक्षा कुजलेलं शेणखत, शेंगांची टरफलं, वाळलेला पाला घाला. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. गोणी फरशीवर ओतून हाताने चाळा. पांढरी, गोल वळलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती हुमणी. ती मुळं खाते. वेचून कोंबड्यांना द्या.

गच्चीवरचा_मळा (भुसावळ) | ७ ऑक्टोबर

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्याकडे वाडा नाही, तिसऱ्या मजल्यावरची गच्ची आहे. ग्रो बॅग, फुटके टब, तेलाचे डबे असं सगळं आहे. दोन प्रश्न. एक, डिसेंबरात माझ्या निम्म्या कुंड्यांना ऊनच मिळत नाही, ऑक्टोबरात मात्र सगळीकडे लख्ख ऊन असतं. असं का होतं? दोन, बोअरचं पाणी फार जड आहे. कुंड्यांच्या कडेला पांढरा थर धरतो. या पाण्यावर काय येईल?

सरीवरंबा (धुळे) | ८ ऑक्टोबर

भुसावळकर, उन्हाचं सोपं आहे. दक्षिणायनात सूर्य दक्षिणेकडे कलतो. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीसुद्धा तो साधारण ४५ अंशांवरच असतो. म्हणजे तीन फुटी कठड्याची सावली बारा वाजताही जवळपास तीन फूट पडते, सकाळ-संध्याकाळ तर कितीतरी लांब. दक्षिणेच्या कठड्याला लागून ठेवलेल्या कुंड्या महिनाभर सावलीत जातात. त्या गच्चीच्या उत्तरेच्या बाजूला सरकवा किंवा विटांवर उंच ठेवा. जे सावलीत राहणारच आहे तिथे पालक, पुदिना ठेवा. टोमॅटो-मिरचीला किमान सहा तास ऊन पाहिजेच.

पाण्याचं. क्षार सगळ्या भाज्यांना सारखे बाधत नाहीत. घेवडा, गाजर, कांदा हे नाजूक. पालक आणि बीट बरेच क्षार सहन करतात. तुम्ही बोअरवर पालक-बीट घ्या आणि नळाचं पाणी घेवडा-गाजराला राखून ठेवा. महिन्यातून एकदा कुंडीत भरपूर पाणी सोडून खालच्या भोकातून वाहू द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. पांढरा थर खरवडून वरची बोटभर माती बदला. रोज थोडं थोडं पाणी शिंपडणं सगळ्यात वाईट. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात.

आणि फ्लॉवरबद्दल, कारण दरवर्षी हाच प्रश्न येतो. फ्लॉवरचे लवकर येणारे आणि उशिरा येणारे असे वेगवेगळे वाण असतात. 'पुसा दीपाली' लवकरचा, 'स्नोबॉल' उशिराचा, त्याला खरी थंडी लागते. लवकरचा वाण थंडीत लावला तर रोप वाढायच्या आधीच लिंबाएवढा गड्डा धरतं. थंडीचा वाण उन्हात लावला तर नुसती पानं वाढत राहतात. आत्ता ऑक्टोबरात रोपं टाकणार असाल तर स्नोबॉल घ्या, लागवड नोव्हेंबरच्या मध्याला. गड्डा मुठीएवढा झाला की त्याचीच बाहेरची पानं वर ओढून सुतळीने सैल बांधा. ऊन लागलं नाही की पांढराशुभ्र राहतो.

शहाद्याची_सून | ८ ऑक्टोबर

काका, तुमची माहिती पक्की आहे, पण मला वेगळं म्हणायचं आहे. ज्यांच्याकडे मोजकी जागा आहे त्यांनी कोबी-फ्लॉवर लावूच नये. एक फ्लॉवर दीड फूट जागा तीन महिने अडवून ठेवतो आणि देतो काय, एक गड्डा. हिवाळ्यात बाजारात तो सगळ्यात स्वस्त असतो. तेवढ्या जागेत मेथी तीनदा निघते. पालक तर एकदा लावला की महिन्याभरात पहिली कापणी आणि मग पंधरा-पंधरा दिवसांनी कापत राहायचं, फक्त जमिनीपासून दोन बोटं ठेवून. पुढे किमान चार कापण्या मिळतात.

आमच्या सासूबाई वाड्यात काय लावायचं ते असं ठरवतात: जे तोडल्यावर तासाभरात चुलीवर गेलं तर चव बदलते तेच घरी लावायचं. मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात, ओला लसूण, हिरवा वाटाणा, चुका, करडईचा पाला. करडईची कोवळी भाजी बाजारात क्वचितच मिळते, घरी मूठभर करडई पेरली की तीन आठवड्यांत मिळते. पानांना काटे यायच्या आत खुडायची.

सरीवरंबा (धुळे) | ८ ऑक्टोबर

ताई, पटलं. कुंडीवाल्यांनी तुमचं ऐकावं. ज्यांच्याकडे पाच-सहा फुटांचा वाफा मोकळा आहे त्यांनी चार फ्लॉवर लावायला हरकत नाही. मुलांना ते बघायला फार आवडतं.

सातपुडा_पायथा (यावल तालुका) | १० ऑक्टोबर

आमच्याकडे केळीचा पाला हवा तेवढा. वाळलेली पानं हाताने फाडून रोपांच्या बुडाशी चार बोटं जाड पसरतो. ऑक्टोबरात माती गार राहते आणि पाणी निम्म्यावर येतं. जळगाव, रावेर, चोपडा भागातला कुणीही शेतकरी ओळखीचा असेल तर दोन गोण्या पाला मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. केळीचा खुंटही कापून खतात टाकावा, त्यात पालाश भरपूर असतं. फक्त ज्या बागेत मर रोग किंवा कुजव्या होता तिथला खुंट आणू नका.

आमचा खरा त्रास माकडांचा. सातपुड्यातून टोळी येते आणि टोमॅटो, वाटाणा, मुळा उपटून नेते. जाळी लावली तर जाळीसकट. ज्यांना माकडांचा उपद्रव आहे त्यांनी मेथी, लसूण, कांदा, मिरची यांवर भर द्यावा. लसणाला तरी आमच्याकडे अजून माकड शिवलेलं नाही.

पुण्यातला_चाळीसगावकर | १४ ऑक्टोबर

मी दिवाळीला आईकडे जातो तेव्हा चार वाफे लावून देतो, मग आई बघते. तिचे गुडघे दुखतात, रोज बादलीने पाणी घालणं जमत नाही. काय करता येईल?

काळी_माती (अमळनेर) | १४ ऑक्टोबर

दादा, ठिबक लावून द्या. आपल्या भागात ठिबकचं सामान गल्लीतल्या दुकानात मिळतं. टाकी चार-पाच फूट उंच ठेवली तर घरच्या चार वाफ्यांना मोटारीशिवाय पाणी जातं, फक्त तोंडाशी फिल्टर बसवा. नाहीतर जड पाण्याने ड्रिपर बंद पडतात. काळ्या मातीत थंडीत रोज पाणी लागतच नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. आणि आईंना उंच वाफे करून द्या, गुडघ्याएवढे. विटांचं चौकोनी कुंड असलं की स्टुलावर बसून खुरपता येतं.

नवी_बागवाली (जळगाव) | २ नोव्हेंबर

सगळ्यांना नमस्कार. पहिल्यांदाच लावतेय. मेथी तीन दिवसांत उगवली, पण कोथिंबीर पेरून आठ दिवस झाले तरी काहीच नाही. किराण्यातले धणे वापरले. बी खराब असेल का?

शहाद्याची_सून | २ नोव्हेंबर

थांबा ताई, कोथिंबिरीला दहा-बारा दिवस लागतातच, थंडी वाढली की पंधरासुद्धा. पण पुढच्या ओळीला असं करा. एक धणा म्हणजे दोन बिया चिकटलेल्या असतात. धणे फरशीवर पसरून पोळपाटाने किंवा चपलेने हलक्या हाताने रगडा, दोन फाका वेगळ्या झाल्या पाहिजेत, पीठ नाही. मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सकाळी फडक्यात पसरा, थोडे सुकले की पेरा. वर अर्धा इंचच माती. किराण्यातले धणे चालतात, फक्त हिरवट आणि वास येणारे निवडा. जुने, काळपट पडलेले उगवत नाहीत.

गाजराचंही असंच, दहा ते पंधरा दिवस. त्याला वरची माती एक दिवस जरी सुकली तरी अंकुर आतच मरतो. पेरल्यावर ओळीवर ओलं गोणपाट टाका आणि पहिला हिरवा ठिपका दिसला की लगेच उचला. आणि गाजराची रोपं करून दुसरीकडे लावू नका. मूळ वळलं की गाजराला दोन-तीन पाय फुटतात.

गच्चीवरचा_मळा (भुसावळ) | १९ नोव्हेंबर

कोबीच्या पानांना भोकं पडलीत, चाळणीसारखी. पानाखाली बारीक हिरवी अळी आहे, हात लावला की दोऱ्याला लोंबकळते. मुलाच्या डब्यात जाणारी भाजी आहे, औषध मारायचं नाही.

सरीवरंबा (धुळे) | १९ नोव्हेंबर

हा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. पतंग मिटून बसला की पाठीवर पांढरट चौकटी दिसतात. कोबी-फ्लॉवरचा हा मुख्य शत्रू. चार-सहा झाडं असतील तर रोज सकाळी पानं उलटी करून अळ्या आणि पिवळी अंडी चिरडायची. सगळ्यात चांगला उपाय हाच. सोबत निंबोळी अर्क.

अर्क घरी असा करा. उन्हाळ्यात गोळा केलेल्या वाळलेल्या निंबोळ्या कुटून भरड करा. ५० ग्रॅम भरड फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पुरचुंडी पिळत राहा, दुधासारखं पांढरं पाणी येईल. एकूण पाणी एक लिटर करा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला, गाळा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. हा पाच टक्क्यांचा अर्क. उन्हात फवारला तर काम करत नाही, दुसऱ्या दिवशीसाठी ठेवला तर ताकद जाते. पानाच्या खालच्या बाजूला लागला पाहिजे. आठ दिवसांनी पुन्हा. मावा आणि पांढऱ्या माशीलाही हाच चालतो. तयार तेल आणणार असाल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा.

पुढच्या वर्षी कोबीच्या दोन ओळींत मोहरी पेरा. पतंग आधी मोहरीवर जातो, मोहरीची ती झाडं उपटून टाकायची.

पांझराकाठ (धुळे तालुका) | २४ नोव्हेंबर

इतकं सगळं झालं आणि भरताच्या वांग्याचं कुणीच बोलत नाही? चंपाषष्ठी तोंडावर आली. आमच्याकडे चातुर्मासात वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग घरोघरी वांगी भाजायला सुरुवात. भरीत ते काड्यासवरच भाजानं भाऊ, गॅसवर ती मजा नही.

सातपुडा_पायथा (यावल तालुका) | २४ नोव्हेंबर

आमच्या तालुक्यातलं बामणोद आणि जळगावजवळचं असोदा, ही दोन नावं भरताच्या वांग्याला पुरेशी आहेत. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. फिकट हिरवं, वर पांढऱ्या रेघा, हातात घेतलं की जड आणि दाबलं की मऊ. बिया कमी, गर जास्त, आणि भाजल्यावर साल अंगरख्यासारखी सुटते.

पण ज्यांना घरी लावायचं आहे त्यांच्यासाठी: रोप जुलैत लागलेलं असेल तरच आत्ता फळं हाताशी येतात. लागवडीपासून पहिली तोडणी साधारण अडीच महिन्यांनी. आत्ता लावलं तर झाड थंडीत नुसतं बसून राहील आणि फळ फेब्रुवारीत मिळेल. तरी ज्यांच्याकडे तयार रोप आहे त्यांनी एक-दोन लावून बघा, उन्हाळ्याच्या तोंडाशीही छान येतात.

नवी_बागवाली (जळगाव) | २५ नोव्हेंबर

त्याचं बी कुठे मिळेल? एका दुकानातून "भरताचं" म्हणून आणलं होतं माझ्या जाऊबाईंनी, फळं निघाली लांबुळकी जांभळी.

सातपुडा_पायथा (यावल तालुका) | २५ नोव्हेंबर

ताई, भरताचं बी घराघरांतून चालत आलेलं असतं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक पिकलेलं फळ मागा, तेवढ्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं बी आलं. कसं धरायचं ते सविस्तर लिहितो, कारण हे राहिलं तर वांगं राहील.

झाडावरचं दुसरं किंवा तिसरं फळ राखा, निरोगी आणि झाडाला शोभेल असं. देठाला रंगीत दोरा बांधा म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडणार नाही. ते फळ पिवळं-तपकिरी होऊन कातडीसारखं चिवट होईपर्यंत झाडावरच ठेवायचं. मग तोडून आठवडाभर सावलीत. नंतर चिरून गर पाण्यात कुस्करायचा. बुडेल ते बी चांगलं, तरंगेल ते फेकायचं. बुडालेलं बी दोन-तीन पाण्यांतून धुऊन सावलीत, सुती कपड्यावर वाळवायचं. कागदावर टाकलं तर चिकटतं. पूर्ण वाळल्यावर चुलीची चाळलेली राख मिसळून काचेच्या बाटलीत. बाटलीवर वर्ष लिहा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वांग्याचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, पण मधमाश्या परकेही पराग आणतात. शेजारी काटेरी किंवा जांभळं वांगं असेल तर बी भेसळ होतं. म्हणून बियाणाचं फूल उमलायच्या आधी त्यावर मलमलची छोटी पिशवी बांधा, फळ धरलं की काढा. आणि संकरित वाणाचं बी धरू नका, पुढच्या वर्षी प्रत्येक झाड वेगळं निघतं.

आमच्या गावात आता दरवर्षी एक-दोन घरं हे बी सोडून देतात. दुकानातलं रोप आयतं मिळतं, झाडाला फळं जास्त लागतात. मला त्यांचं समजतं. पण परसात दोन झाडं ठेवायला काहीच लागत नाही, आणि बी टिकायला दोन झाडं पुरतात. या धाग्यावरच्या प्रत्येकाने आपापल्या परसात दोन झाडं ठेवावीत अशी माझी मनापासून विनंती आहे. आत्ता जो कुणी भरीत पार्टीला जाईल त्याने मळ्याच्या मालकाकडे एक पिकलेलं फळ मागून आणावं.

पांझराकाठ (धुळे तालुका) | २५ नोव्हेंबर

दादा, मी आणतोच. काड्यांबद्दल एक: कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ एकदम आणि भरपूर येतो, वांगं बाहेरून जळतं आणि आतून शिजतं. भाजायच्या आधी सगळीकडून टोचून घ्या, नाहीतर फुटतं. साल काढून लाकडी भांड्यात ठेचायचं, मिक्सरमध्ये घालू नका. हिरवी मिरची-लसूण, शेंगदाणे, वरून कांद्याची पात कच्चीच. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी.

सरीवरंबा (धुळे) | २६ नोव्हेंबर

काड्या लागतील तेवढ्याच ठेवा हं. पऱ्हाटीचे ढीग उन्हाळाभर घरामागे रचून ठेवले तर गुलाबी बोंडअळी त्यातच दडून पुढच्या हंगामाला तयार होते.

गच्चीवरचा_मळा (भुसावळ) | २९ डिसेंबर

काल रात्री थंडीने हाडं गोठली. टोमॅटोला फुलं भरपूर आहेत पण गळताहेत, फळ धरत नाही. खत कमी पडलं का?

सरीवरंबा (धुळे) | २९ डिसेंबर

खत नको. रात्रीचं तापमान १३ अंशांच्या खाली गेलं की टोमॅटोचे पराग नीट तयार होत नाहीत, फूल गळतं. आमच्या धुळ्यात तर पारा पाच-सहापर्यंत उतरतो. या दिवसांत नत्राचं खत दिलं तर नुसती पानं वाढतील आणि मावा येईल. थंडी ओसरली की फुलं आपोआप धरतील. तोवर दुपारी ऊन असताना फुलांच्या दांडीला बोटाने टिचकी मारा, पराग झडतात.

रात्री झाकायला जुनी सुती साडी उत्तम. चार काठ्या रोवून त्यावर टाकायची, पानांना टेकू द्यायची नाही, आणि सकाळी ऊन आल्यावर काढायची. प्लास्टिक थेट रोपावर टाकू नका.

सातपुडा_पायथा (यावल तालुका) | ३० डिसेंबर

केळीवाले काय करतात ते सांगतो. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. म्हणून रात्री बागेला पाणी देतात आणि पहाटे बांधावर ओलसर काडीकचरा पेटवून धूर करतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. परसातही कडाक्याच्या रात्री संध्याकाळी मातीला पाणी द्यायला हरकत नाही.

काळी_माती (अमळनेर) | ३० डिसेंबर

बरोबर, पण दादा, पाणी मातीला, पानांना नाही. टोमॅटो-बटाट्याची पानं रात्रभर ओली राहिली की करपा येतो. वाटाण्यावरच्या भुरीची गोष्ट वेगळी, ती पानं कोरडी असली तरी येते. दिवसा कोरडी हवा आणि रात्री गारवा तिला मानवतो. पांढरी पावडर दिसली की ती पानं खुडून वाफ्याबाहेर टाका, वेल दाट झाला असेल तर विरळ करा.

या थंडीतली एक चांगली गोष्टही लिहिते. हरभऱ्याचे शेंडे आता खुडायला आलेत. पहाटे वाफ्यात जा, पानांवर बारीक थेंब दिसतात, बोट लावून जिभेवर ठेवा, आंबट लागतं. ती आंब. पूर्वी हरभऱ्यावर रात्री स्वच्छ धोतर पसरून सकाळी पिळून घेत, पोटदुखीला ठेवत. खुडलेला पाला धुऊ नका, आंब गेली की भाजीची चव गेली. म्हणूनच हरभऱ्यावर काहीही फवारायचं नाही. शेंडे खुडल्याने झाड फुटतं आणि घाटेही जास्त लागतात, पण फुलं दिसली की खुडणं बंद.

पुण्यातला_चाळीसगावकर | १८ जानेवारी

आईने व्हिडिओ कॉलवर वाफे दाखवले. ठिबक छान चाललंय, मेथी दोनदा निघाली. पण वांगी-टोमॅटोवर एकदम पांढरी माशी आली. हात लावला की पांढरा धुरळा उडतो. आठवड्यापूर्वी काही नव्हतं.

सरीवरंबा (धुळे) | १८ जानेवारी

शेजारची कपाशी निघाली असेल. कपाशी उपटली की तिच्यावरची माशी जवळचं जे हिरवं असेल त्यावर येते, वांगी-टोमॅटो-भेंडी आधी. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत हे होतंच. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल तेल किंवा ग्रीस फासून झाडाच्या शेंड्याच्या उंचीला टांगा, माशी चिकटते. सकाळी लवकर पानांच्या खालून पाण्याची जोरदार फवारणी, आणि निंबोळी अर्क. टोमॅटोचं एखादं झाड शेंड्याला गोळा होऊन पानं वाटीसारखी वळली असतील तर ते उपटून टाका. तो माशीने आणलेला विषाणू, त्यावर औषध नाही.

शहाद्याची_सून | ११ फेब्रुवारी

लसणाची पात पिवळी पडून माना मोडायला लागल्या. ऑक्टोबरअखेर लावला होता, राहुरी विद्यापीठाचा 'गोदावरी'. पाणी तोडून पंधरा दिवस झाले. आता उपटून पातीसकट सावलीत पसरते, मग वेण्या घालून माळ्यावर. कुणी अजून पाणी देत असाल तर थांबवा. शेवटी पाणी दिलं की गड्डा टिकत नाही.

मुळ्याची दोन झाडं मुद्दाम ठेवली होती, त्यांना डिंगऱ्या (मुळ्याच्या शेंगा) लागल्यात. कोवळ्या असताना भाजी करा, शेंगदाण्याचं कूट घालून.

नवी_बागवाली (जळगाव) | १२ फेब्रुवारी

माझी शेवटच्या ओळीतली कोथिंबीर फुलावर आली. मेथीही उंच होऊन पिवळसर दिसतेय. आता पुन्हा पेरू का?

काळी_माती (अमळनेर) | १२ फेब्रुवारी

कोथिंबीर आहे तशी राहू द्या ताई. फुलांवर मधमाश्या येतील, त्याचा फायदा शेजारच्या वेलांना होतो, आणि मार्चमध्ये घरचे धणे मिळतील. मेथी पुन्हा पेरायची तर उघड्यावर नको. हिरव्या जाळीखाली किंवा केळीच्या सावलीत दाट पेरा आणि पंधरा-वीस दिवसांत बोटभर उंचीचीच उपटा. मोकळ्या झालेल्या वाफ्यात एक घमेलं शेणखत मिसळून गवार, भेंडी, काकडी, गिलके टोका. रात्रीचा गारवा गेला की त्यांना उगवायला वेळ लागत नाही. गिलक्याचा वेल आत्ताच मांडवावर चढवला तर एप्रिलमध्ये त्याचीच सावली खालच्या पुदिन्याला मिळते.

सातपुडा_पायथा (यावल तालुका) | १३ फेब्रुवारी

भरताचं बी वाळवून तयार आहे. ज्यांना हवं त्यांनी मला निरोप करा, चिमूट चिमूट पोस्टाने पाठवतो. रोपवाटिका जूनच्या पहिल्या पंधरवड्यात टाकायची, तोवर बाटली फडताळात, उन्हापासून लांब. आणि पेरायच्या आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. सातच्या वर उगवल्या तरच वाफा करा, नाहीतर मला कळवा, दुसरं पाठवतो.